साक्षरतेवर काम करणाऱ्या संस्थेत जॉईन होतेय, अनुभवी मंडळींनी सांगा

आंबेमोहोर

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. पुढच्या महिन्यात मी एका संस्थेत रुजू होतेय. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाडा भागातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचनावर त्यांचं काम आहे. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण ऑफर लेटरवर सही व्हायचीय अजून. काम थोडक्यात असं की अर्धा वेळ ऑफिसात बसून वाचनाचं साहित्य करायचं, म्हणजे शब्दकार्डं, आठ-बारा पानी छोटी पुस्तकं, भिंतीवरचे गोष्टींचे तक्ते, आणि अर्धा वेळ शाळांमध्ये जाऊन शिक्षकांसोबत बसायचं.

मी आतापर्यंत डीटीपी आणि मुद्रितशोधन केलंय, जास्त करून शालेय पुस्तकं आणि मुलांची चित्रपुस्तकं. डीएड नाही, बीएड नाही, वर्गावर उभी राहिलेली नाही. पुस्तकाची फाइल प्रेसला गेली की माझा संबंध संपायचा, पुढे ते कुठल्या मुलाच्या हातात पडतं, त्याला ते वाचता येतं का, अडतं कुठे, हे कधी बघायलाच मिळालं नाही आणि मला तेच बघायचंय, म्हणून पगार कमी होत असूनही हे घेतलं. घरी सासूबाईंना काळजी आहे ती प्रवासाची, घाटातला पाऊस आणि एसटीच्या वेळा, ती काळजी बरोबरच आहे.

तर या क्षेत्रातल्या लोकांनी सांगा, जायच्या आधी काय वाचू, काय बघू, शाळेत पहिल्यांदा गेल्यावर कसं वागायचं, आणि नोकरीच्या कागदांमध्ये काय तपासून घ्यायचं. मोठे प्रतिसाद चालतील, उलट हवेतच.

जुना_केंद्रप्रमुख

अभिनंदन ताई. पालघर वेगळा जिल्हा झाला २०१४ ला, त्याआधी सगळा ठाणे जिल्हाच होता, तेव्हापासून त्या भागात मी नोकरी केली आणि केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांच्या एका गटावर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो, म्हणून शाळेच्या बाजूने सांगतो.

पहिलं, परवानगीचं पत्र. संस्थेकडे शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र असेलच, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि केंद्रप्रमुखांना पोचली आहे का हे स्वतः बघा, आणि शाळेत गेल्यावर मुख्याध्यापकांनी मागायच्या आधी तुम्हीच पुढे करा. तिथल्या बऱ्याच शाळा द्विशिक्षकी. एक गुरुजी तालुक्याला मीटिंगला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की दुसऱ्याकडे पहिली ते चौथी सगळे वर्ग एका खोलीत. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बाहेरचं काम देऊ नये असं लिहिलंय, पण तेवढ्यातही दिवस जातात आणि वरून ऑनलाइन माहिती भरणं सतत चालू. अशा वेळी कोणी बाहेरून येऊन आल्या आल्या मुलांची चाचणी घ्यायला लागलं की गुरुजी मनातून बंद होतात, आणि मग ते तुम्हाला चहा देतील, रजिस्टर दाखवतील, पण वर्ग दाखवणार नाहीत.

माझं ऐकाल तर पहिल्या भेटींमध्ये वही आणि मोबाइल दोन्ही पिशवीतच ठेवा. परिपाठाला उभं राहा, पोषण आहाराच्या वेळी मुलांबरोबर बसा, आणि गुरुजींना एवढंच विचारा की तुमच्या वर्गात कुठली मुलं वाचनात अडलीत आणि तुम्हाला काय वाटतं, कशामुळे. प्रत्येक गुरुजीला आपली मुलं माहीत असतात, त्यांना कोणी विचारत नाही.

पानवाचक

वा, आपल्या भागात येताय! मी वाचनाच्याच कामात आहे, बरीच वर्षं झाली. केंद्रप्रमुख साहेबांशी पूर्ण सहमत, फक्त चाचणीबद्दल थोडं वेगळं सांगतो, कारण चाचणी हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही.

असरची वाचन चाचणी तुम्ही पाहिलीच असेल, गावोगावच्या मुलांना किती वाचता येतं याचं ते सर्वेक्षण, प्रथम संस्था २००५ पासून करते. एका कागदावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलाला आधी परिच्छेद देतात, तो सहज वाचला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. देशभरातल्या गावांमध्ये तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो याचा आकडा २०१८ ला २७.३ टक्के होता, शाळा बंद राहिल्यावर २०२२ ला २०.५ वर घसरला आणि २०२४ ला २७.१, म्हणजे आपण फिरून होतो तिथेच आलो. पाचवीतसुद्धा २०२४ ला हा आकडा ४८.८ च आहे. म्हणजे पाचवीतली निम्म्याहून जास्त मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत आणि त्यांच्या पुढ्यात पाचवीचं इतिहास-भूगोल उघडलेलं असतं.

पण हा आकडा झाला. तुमच्या कामाला त्याहून उपयोगी काय, तर एका मुलाच्या शेजारी बसून, कागद दोघांच्या मध्ये ठेवून, तो वाचताना नुसतं ऐकणं. कुठे थांबतो, कुठे चित्राकडे बघून अंदाज करतो, वेलांटी आली की काय करतो, वाक्य संपल्यावर त्याला काय कळलं. साहित्य करणाऱ्या माणसाने हे ऐकलं नसेल तर तो ऑफिसात बसून आपल्याला गोड वाटणारी पुस्तकं करत राहतो. तुम्हाला सुरुवातीचा काळ मिळेल तेव्हा संस्थेला स्पष्ट सांगा की मला आधी मुलांचं वाचन ऐकायला पाठवा, मग कार्डं करते.

बघण्यासारखं तुमच्या वाटेवरच आहे सगळं. वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट या संस्थेचं काम आहे, नीलेश निमकरांनी २००७ ला सुरू केलं, आदिवासी भागातल्या मुलांचं वाचन-लेखन यावर इतकं बारकाईने काम मराठीत फार कमी लोकांनी केलंय. डहाणूकडे गेलात तर ग्राममंगल ही संस्था, आणि कोसबाड टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९५७ पासून जे उभं केलं ते बघून या. अनुताई मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांकडे घेऊन गेल्या, गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. त्याच मातीत तुम्ही काम करणार आहात.

शिक्षिका_सातारा

धागा छान. मी जि.प. शाळेत पहिलीलाच शिकवते, मागून मागून पहिली घेते. एक शंका आहे, भांडण नाही. या सगळ्या संस्था आल्या की पहिलं वाक्य असतं, मॅडम बाराखडी घोकून घेऊ नका. आम्ही सगळे बाराखडीवरच शिकलो की. माझ्या वर्गात बाराखडी म्हणणारी मुलं पुढे वाचतात असा माझा अनुभव आहे.

पानवाचक

ताई, म्हणण्यात काहीच वाईट नाही, मुलांना तालात म्हणायला आवडतं आणि आवाजांची ओळखही होते. अडचण क्रमाची आहे. अ ते ज्ञ सगळी अक्षरं, मग बाराखडी, मग शब्द असं गेलं तर मुलाला पहिला अर्थाचा शब्द वाचायला कित्येक महिने थांबावं लागतं, तोवर वाचन म्हणजे काय हे त्याला कळतच नाही. त्याऐवजी म, क, ल, र एवढी चार अक्षरं आणि एक काना घेतला की पहिल्याच आठवड्यात मामा, काका, मका, काम, मला, काल, कमल असे शब्द येतात, आणि त्यातून 'काका मका' एवढं का होईना पण मूल स्वतः वाचतं. पुढच्या गटात आणखी तीन-चार अक्षरं आणि वेलांटी. जोडाक्षर आणि रफार शेवटी. आणि याच्या जोडीला रोज एक गोष्ट तुम्ही मोठ्याने वाचून दाखवायची, त्यात मात्र कठीण शब्द, जोडाक्षरं सगळं असू दे, कारण ते कानासाठी आहे. अक्षर एकीकडे आणि अर्थ एकीकडे असं व्हायला नको, एवढंच.

फलटणला मॅक्सीन बर्नसन बाईंची प्रगत शिक्षण संस्था १९८४ पासून आहे, तुमच्या साताऱ्यातच, एकदा जाऊन याच.

शिक्षिका_सातारा

फलटणला जाऊन आलेय, त्यांची मुलं काय मोकळेपणाने लिहितात! गटाने अक्षरं घेण्याचं पटतंय, पण पाठ्यपुस्तकाचा क्रम, साप्ताहिक नियोजन, वरून भेट देणारे साहेब या सगळ्यात ते बसवायला धीर लागतो. आंबेमोहोर, तुम्ही शाळांमध्ये जाल तेव्हा हे लक्षात ठेवा की शिक्षकाला पद्धत पटली तरी तिला साहेबांसमोर उत्तर द्यावं लागतं. तुमच्या संस्थेने केंद्रप्रमुखांना आणि विस्तार अधिकाऱ्यांना त्याच प्रशिक्षणात बसवलं तर आमचं निम्मं ओझं जातं.

आणि अजून एक. आमच्या जिल्ह्यातच १९५९ ला मोठ्या माणसांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती, पुढे ती राज्यभर गेली. माझी आजी त्या वर्गात वाचायला शिकली. पण घरात आणि गावात वाचायला काही नव्हतं, पोथी सोडली तर काही नाही, त्यामुळे तिच्या बरोबरीच्या बायकांचं वाचन हळूहळू गेलं, सही तेवढी राहिली. तुम्ही पुस्तकं करणार आहात ना, म्हणून हे आवर्जून लिहिलं. शिकवणं महत्त्वाचं आहेच पण नंतर हातात काय देणार यावर ते टिकतं.

नर्मदाकाठ

मी नंदुरबारला धडगाव भागात काम केलंय. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती तेव्हा आमचा जिल्हा ६४ वर, सगळ्यात खाली. कारणं खूप आहेत पण एक मोठं कारण भाषा. मुलं घरी पावरी बोलतात, भिलोरी बोलतात, आणि पहिलीत आल्या आल्या पुस्तक मराठीत. तुमच्याकडे वारली, कोकणा, कातकरी मुलं असतील. ती मंद नसतात, गप्प असतात, कारण समोरचं बोलणंच त्यांना अर्धं कळतं. तुम्ही जायच्या आधी त्या बोलीतलं थोडं बोलायला शिका, गावातली एखादी ताई किंवा अंगणवाडी सेविका शिकवेल, आणि सुरुवातीची पुस्तकं करताना मुलांनी त्यांच्या बोलीत सांगितलेल्या गोष्टीच लिहून घ्या. आम्ही मुलांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट मोठ्या कागदावर तशीच लिहायचो, त्यांच्यासमोर, बोट ठेवत वाचायचो. आपण बोललेलं कागदावर उतरतं आणि उद्या परत तसंच वाचता येतं हे कळल्यावर जी मुलं महिनाभर बोलली नव्हती ती पुढे येऊन सांगायला लागली.

मुरबाडकर

सगळे मुलांबद्दल बोलताहेत म्हणून मोठ्यांचंही लिहितो. आमच्या तालुक्यात फांगण्याला आजीबाईंची शाळा आहे, ८ मार्च २०१६ ला सुरू झाली, तिथल्या जि.प. शिक्षकांनीच सुरू केली, साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटी-दप्तर घेऊन येतात. आम्ही बघायला गेलो होतो. फोटो सगळ्यांनी पाहिलेत पण मला आवडलं ते असं की वर्ग दुपारचा होता, म्हणजे घरची, शेतातली कामं आटपल्यावर. मोठ्या माणसांचं शिकणं वेळेवर अडतं, बुद्धीवर नाही. जोतीरावांनी सुद्धा १८५५ ला शेतकरी-कामकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीचीच.

आता सरकारचा उल्लास म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, १५ वर्षांवरच्या असाक्षरांसाठी, २०२२ ते २०२७. शेवटी दीडशे मार्कांची परीक्षा, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी पन्नास. स्वयंसेवकांवर चालतं. मुलांच्या शाळेत काम करता करता आया आणि आज्या दारात येऊन उभ्या राहतात बघा, त्यांनाही एखादं पुस्तक हातात द्या. मुलाने आईला वाचून दाखवायचं असं काहीतरी केलंत तर दोघांचं होतं.

हिशेबनीस

कागदपत्रांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, संस्थांचे हिशेब हेच माझं काम. ताई, मनापासून काम करणारी माणसं करार वाचायला लाजतात, तसं करू नका.

पद प्रकल्पावर आहे का संस्थेच्या कायम आस्थापनेवर ते विचारा. प्रकल्पाचा पैसा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतला असेल तर तो बहुतेकदा वर्षावर्षाने मंजूर होतो, म्हणजे मार्चअखेर करार संपणार का, नूतनीकरण कोण ठरवणार, हे लेखी असू दे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात, पण त्यांना आकडे हवे असतात, किती मुलं, किती शाळा, आणि तो दबाव शेवटी तुमच्यासारख्यांवर येतो. परदेशी देणगी असेल तर २०२० च्या दुरुस्तीपासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आहे, त्यामुळे काही ठिकाणी पगार, प्रवास, छपाई यांची ओढाताण होते.

पीएफ कापतात का, वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर लागू होतो. ग्रॅच्युइटीची गणना कुठल्या तारखेपासून. प्रवासभत्ता प्रत्यक्ष खर्चावर का ठोक, आणि दुचाकी स्वतःची वापरलीत तर किलोमीटरमागे किती. जव्हारच्या रस्त्यांवर पावसाळ्यात अपघात विमा फार महत्त्वाचा, तो नसेल तर मागा. हे विचारल्याने कोणी नाराज होत असेल तर ते तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

डॅलसची_मावशी

सगळे प्रतिसाद वाचले, वाचनखूण साठवली. इथे आमच्या मंडळात मुलांची मराठी पुस्तकं बरीच जमलीत, पाठवली तर चालतील का? आणि पैसे द्यायचे तर हिशेबनीस, काय करायचं?

हिशेबनीस

मावशी, भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून देणार असाल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, साध्या खात्यात चालते. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी परदेशी स्रोतच, मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे त्यांच्या दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत.

पानवाचक

पुस्तकांबद्दल, मावशी भावना पोचली, पण आधी संस्थेला यादी पाठवा. पहिलीच्या मुलाला एका पानावर एक-दोन ओळी, मोठं अक्षर, त्याच्या जगातलं चित्र असं पुस्तक लागतं. घरातली जुनी पुस्तकं बहुतेक मोठ्या मुलांची असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत पातळीप्रमाणे गोष्टी मोफत आहेत, त्या छापून द्यायचा खर्च तुमच्या मंडळाने उचलला तर जास्त उपयोग होईल.

आंबेमोहोर

सगळ्यांचे मनापासून आभार. जॉईन झाले, थोडे दिवस गेलेत, त्यामुळे परत लिहितेय. करार हिशेबनीस दादांनी सांगितलं तसा बसून वाचला, विमा नव्हता, मागितला, मिळाला. आणि पानवाचक, तुमचं म्हणणं संस्थेतल्या साहेबांना सांगितलं, त्यांनी लगेच मान्य केलं, सध्या मी फक्त ऐकतेय.

काय काय ऐकलं सांगू का. एका शाळेत दुसरीच्या मुलीने धडा घडाघड वाचला, पुस्तक हातात, बोट ओळीवर, आवाज खणखणीत. मग मी त्याच धड्यातला एक शब्द मधूनच दाखवला तर तिला तो येईना. ती मनाने पहिल्यापासून म्हणत त्या शब्दापर्यंत आली आणि मग सांगितला. म्हणजे अख्खा धडा पाठ! एवढं पाठ करायला किती हुशारी लागत असेल, आणि ती हुशारी अक्षराला भिडलीच नाहीये. बाईंशी बोलले तर त्यांना हे माहीत होतं, त्या म्हणाल्या अशा सहा जणी आहेत, काय करू सांगा. आता त्यांच्यासाठीच पहिली कार्डं करतेय, त्याच धड्यातले शब्द उलटसुलट करून नवीन वाक्यं.

डीटीपीवालीच्या नजरेला जे दिसलं ते पण लिहिते, कोणाच्या उपयोगी पडेल. शब्दांमधली जागा आपण जस्टिफाय करताना कमी-जास्त होते ती या मुलांना फार त्रास देते, दोन शब्द चिकटलेले दिसले की ती एकच शब्द म्हणून वाचतात. वाक्य मध्येच तुटून पुढच्या ओळीवर गेलं की थांबतात आणि अर्थ सुटतो. चित्रावर छापलेली अक्षरं तर नकोच. ऱ्हस्व आणि दीर्घ उकार लहान टाइपात सारखेच दिसतात. त्यामुळे एक वाक्य एकाच ओळीत, डावीकडून सरळ, पांढऱ्यावर काळं, चित्र वर किंवा शेजारी, एवढं मी आता नक्की केलंय. बोलीचं नर्मदाकाठ म्हणतात तसं सुरू केलंय, अंगणवाडीच्या ताई शिकवताहेत, मुलं माझं बोलणं ऐकून खूष होतात.

आता अडचण. गुरुजी सांगताहेत दिवाळी झाली की निम्मी घरं वीटभट्टीवर जाणार, भिवंडी, वसईकडे, मुलंही जाणार आणि पावसाच्या तोंडावर परत येणार. जी मुलं आत्ता कुठे शब्द वाचायला लागलीत तीच यादीत आहेत. काय करता येईल?

जुना_केंद्रप्रमुख

हे दरवर्षीचं. आत्ताच, दिवाळीच्या सुट्टीआधी, कुठलं घर कुठे जाणार त्याची यादी गुरुजी आणि गावातल्या माणसांकडून करून घ्या, मजूर नेणाऱ्या मुकादमाचं नाव आणि भट्टीचं ठिकाण मिळालं तर फारच उत्तम. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायची सोय आहे, ते मुख्याध्यापकांकडून भरून घ्या, पालकांच्या हातात द्या आणि समजावून सांगा. तिकडच्या शाळेने दाखला नाही म्हणून परत पाठवलं तर आरटीई कलम ५ दाखवा, दाखल्याला उशीर हे प्रवेश नाकारायचं कारण होऊ शकत नाही. आजी-आजोबा गावात राहत असतील तर मूल त्यांच्याकडे ठेवता येतं का हे पण विचारा, हंगामी वसतिगृहाची योजना त्यासाठीच आहे, पण प्रस्ताव वेळेत जावा लागतो, दिवाळीनंतर जागे झालात तर उपयोग नाही.

पानवाचक

आणि प्रत्येक मुलाबरोबर एक पाकीट द्या. तो आत्ता जिथे आहे त्या पातळीची चार छोटी पुस्तकं, शब्दकार्डं, वही, पेन्सिल, आणि एका कागदावर त्याला काय येतं, काय शिकवायचं बाकी आहे हे दोन ओळींत, म्हणजे तिकडच्या शिक्षकाला पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही. पुण्यात बांधकामांवरच्या मुलांसाठी डोअर स्टेप स्कूल १९९३ पासून काम करते, फिरत्या मुलांचं शिक्षण कसं जोडून ठेवायचं हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे, भेट मागा.

शिक्षिका_सातारा

आमच्याकडे उलटं, ऊसतोडीला बाहेरची मुलं येतात. असा दोन ओळींचा कागद घेऊन एखादं मूल आलं असतं तर मला किती सोपं गेलं असतं. नक्की करा.

आंबेमोहोर

केंद्रप्रमुख काका, पानवाचक, ताई, लगेच कामाला लागते. परवा इथल्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक आहे, यादी आणि हमी कार्डाचा विषय तिथे काढायला इथल्या केंद्रप्रमुखांनी वेळ दिलाय. पाकिटाचा नमुना या आठवड्यात करून साहेबांना दाखवते, छपाईचं बघावं लागेल, डॅलसच्या मावशी तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. आणि भिवंडी किंवा वसई तालुक्यात भट्ट्यांच्या जवळच्या जि.प. शाळांमध्ये कोणाचे ओळखीचे शिक्षक असतील तर प्लीज कळवा, मुलं पोचायच्या आधी मला त्यांच्याशी बोलून ठेवायचंय.